वरची ओळ

अकोल्याच्या माझ्या नोकरीबद्दल मी घरात कोणाशी फारसं बोललेलो नाही. मुलांना एवढंच ठाऊक आहे की अमरावतीच्या शाळेत येण्याआधी वडील अडीच वर्षं अकोल्याला होते. तिथे एका मुलाच्या बाबतीत माझ्या हातून जे झालं, ते आता लिहून ठेवतो. त्या मुलाचं नाव लिहिणार नाही. त्याच्या घरच्यांची परवानगी मी घेतलेली नाही, आणि आता ती घ्यायला कोणी उरलेलंही नाही.

मी बावीस वर्षांचा होतो. घाटावरून बैलगाडीने मजल दरमजल करत वऱ्हाडात आलो. कुठे तरी समुद्रापलीकडे लढाई लागली होती, तिकडचा कापूस बंद झाला होता, आणि आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. हिवाळ्यात मोर्णेच्या कोरड्या पात्रात गाड्यांची रांग लागे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवलेले कास्तकार मी तिथे पाहिले. बाभळीच्या काट्यांना कापूस, देवळाच्या पायऱ्यांवर कापूस, पाणी प्यायला तांब्या उचलला तर पाण्यावर कापसाचा तंतू. त्या भरभराटीत ज्यांनी कधी पाटी पाहिली नव्हती त्यांनीही आपली मुलं शाळेत घातली. माझी नेमणूक झाली ती त्यामुळेच.

शाळा एका लांबट ओसरीत भरे. जुन्या शहरातली मुलं नदी ओलांडून येत, आमच्या बाजूची चालत. तरटावर बसून सगळे एका सुरात पाढे म्हणत. हेडमास्तर वयस्क, शिस्तीचे गृहस्थ होते. मुलांना तासभर गाणं शिकवू का, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गाणं हा तमासगिरांचा धंदा आहे," ते म्हणाले. "तुम्हाला अंकगणितासाठी नेमलंय."

"प्रार्थना शिकवीन," मी म्हणालो. "पाढे तरी काय, गातातच की."

शाळा सुटण्याआधीचा तास त्यांनी मला दिला.

गाणं मी मामाकडे शिकलो. मामा कीर्तनकार होते आणि मी लहानपणी त्यांच्या मागे टाळ घेऊन उभा राहत असे. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती उचलून पुन्हा म्हणायची, याला झील धरणं म्हणतात. मी मुलांना तेच शिकवलं. माझ्याजवळ मामांनी दिलेली लहानशी तंबोरी होती. तिच्यावर सूर धरून पहिले पंधरा दिवस मी मुलांकडून फक्त एक 'सा' म्हणून घेतला. दहा ते चौदा वर्षांची वीस-बावीस मुलं होती. मी रांगांमधून वाकून फिरे, एकेकाच्या तोंडाशी कान नेई आणि सांगे, "शेजारचा ऐकू येत नसेल तर तू फार मोठ्याने गातोयस." त्यांना आधी हसू येई. मग एके दिवशी ते बावीस आवाज खरोखर एकात एक मिसळले आणि मुलंच दचकून गप्प झाली. तो क्षण पाहण्यासाठीच माणूस गाणं शिकवतो.

त्यांची बोली मला रुक्ष वाटे. "मले" म्हटलं की मी "मला" म्हणायला लावी. मधल्या सुट्टीत ती माझी नक्कल करत, "मलाऽऽ" असं लांबवून. मी ऐकलं नाही असं दाखवत असे.

मागच्या रांगेत एक माळ्याचा मुलगा होता. बारा वर्षांचा, काटकुळा. तो नुसते ओठ हलवी. गळाच नसेल म्हणून मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मग एका सकाळी मी नदीकाठच्या मळ्यात भाजी आणायला गेलो. मळ्यात मोट चालली होती. बैल उतारावरून पाणी ओढत होते, बाप विहिरीच्या तोंडाशी, थारोळ्यापाशी उभा राहून मोट उलटवीत होता आणि हा पोरगा नाड्यावर, मोटेच्या जाड दोरावर, बसून बैलांना हाकारत गात होता. शब्द असे नव्हतेच, बैलांची नावं आणि एक लांब, चढत जाणारी हाक. ती हाक वर जाऊन जिथे थांबली तिथे माझ्या तंबोरीची तार कधी पोचली नव्हती. मी वांगी विसरलो.

"तू शाळेत का गात नाहीस?" मी विचारलं.

तो खाली उतरला आणि पायाने माती उकरत म्हणाला, "तिथं बैल नाईत न गुर्जी."

बाप हसला. तेव्हा मी त्या बापाला अरेतुरेच करत असे. आमच्यात माळ्या-कुणब्याला तशीच हाक मारायची रीत होती आणि मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. मी म्हणालो, "तुझ्या पोराला मी पुढे बसवणार आहे. रोज पाठव."

"पाठवतो," तो म्हणाला. "घरी बी गाऊनच राहिला असते. तिथं गायला तं आमचे कान तरी इसाव्याले लागतील."

पुढचं वर्षभर तो मुलगा ओळ सांगे आणि बाकीचे झील धरत. त्या वर्षाइतका सुखाचा काळ माझ्या नोकरीत पुन्हा आला नाही. रस्त्याने जाणारे गाडीवान ओसरीपाशी थांबत. हेडमास्तरही तासाच्या वेळी काही तरी निमित्त काढून दाराशी येत. इतर मुलं त्याचा हेवा करत नसत, कारण तो गाताना त्यांच्याकडे पाही, माझ्याकडे नाही. एखादा बेसूर झाला तर हा आपला सूर जरा जोरात लावून त्याला ओढून आणी. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर बातमी आली की हंगाम सुरू झाला की एक मोठे साहेब कापसाचा बाजार पाहायला येणार आहेत. व्यापारी मंडळी मांडव घालणार होती आणि शाळेच्या मुलांनी तिथे प्रार्थना म्हणायची होती. हेडमास्तरांनी हे मला सांगितलं तेव्हा आता आपली ओळख होणार, एवढंच माझ्या मनात आलं.

मी स्वतःच प्रार्थना रचली. चार ओळींची होती. पहिल्या दोन सगळ्यांनी म्हणायच्या, तिसरी त्या मुलाने एकट्याने, चौथी पुन्हा सगळ्यांनी. तिसरी ओळ मी थेट वरच्या 'सा'वर नेऊन ठेवली होती आणि तिथे चार मात्रा थांबवली होती. मुलं तिला 'वरची ओळ' म्हणत. "वरची ओळ आली, गप ऱ्हा," असं एकमेकांना खुणावत.

आश्विनात त्याचा आवाज पहिल्यांदा चिरकला. मुलं हसली, तोही हसला. आठ दिवसांनी पुन्हा तसंच झालं आणि तेव्हा तो हसला नाही. तास संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "गुर्जी, मले वरचं लागून नाई राहिलं."

"लागतंय. पोटातून काढ. सराव कमी पडतोय."

"खालून येते, मंग मधीच कोनी धरल्यासारखं होते."

इथे मला जे लिहायचं आहे ते असं, की त्याला काय झालंय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. त्याचा कंठ फुटत होता. मी तेरा वर्षांचा असताना माझाही असाच फुटला होता. तेव्हा मामांनी मला आठ महिने गाऊ दिलं नव्हतं. मी रडलो, रुसलो, दोन दिवस जेवलो नाही, पण मामा बधले नाहीत. "हा गळा आत्ता ओल्या भांड्यासारखा आहे," ते म्हणाले होते, "हात लावलास तर कायमचा वाकडा होईल. टाळ धर आणि गप्प उभा राहा." माझा गळा त्यांनी वाचवला. आणि त्याच मामांचा शिष्य असलेला मी त्या पोराला सराव कमी पडतोय म्हणून सांगत होतो.

वाट नव्हती असंही नाही. तंबोरीचा सूर खाली उतरवता आला असता. वर्गात दहा वर्षांचा एक धाकटा मुलगा होता, त्याचा आवाज बारीक पण स्वच्छ होता. हेडमास्तरच एकदा म्हणाले, "त्या धाकट्याला द्या ना ती ओळ. मोठ्याचा घसा बसलेला दिसतोय."

"धाकट्याला ते जमायचं नाही," मी म्हणालो. जमलं असतं. फक्त ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आला नसता, आणि मला तो काटा हवा होता.

मी त्याला सकाळी शाळेच्या आधी एकट्याला बोलावू लागलो. तो येई. थंडी पडली होती, नदीवरून धुकं येई, आणि तो फडकं गळ्याला गुंडाळून ती एकच ओळ वीस वीस वेळा म्हणे. कधी लागे, कधी फाटे. लागली की माझ्याकडे असा पाही की मी खूश व्हावं. मी होत असे.

कार्यक्रमाला आठ दिवस होते तेव्हा त्याचा बाप शाळेत आला. पायरीखाली उभा राहिला, वर आला नाही.

"गुर्जी, पोट्ट्याचा घसा लय धरला. भाकर गिळाले बी त्रास होते त्याले. चार दिवस राहू द्या."

"आता चार दिवस कसे राहू देऊ? आठवड्यावर आलंय."

"आमी बैलाले बी सोमवारी जुपत नाई, गुर्जी."

"कार्यक्रम झाला की महिनाभर सुट्टी देतो त्याला," मी म्हणालो. "ज्येष्ठमध आणि खडीसाखर देतोय. काळजी करू नकोस."

शाळा, साहेब, गुरुजी, हे सगळं त्याच्याहून मोठं होतं. "बरं," म्हणून तो गेला.

कार्यक्रमाच्या दिवशी मुलाच्या अंगात ताप होता. त्याच्या आईने त्याला धुतलेला सदरा घालून पाठवलं होतं आणि मी त्याच्या कपाळावर हात ठेवला तेव्हा मला चटका जाणवला. मी हात काढून घेतला. मांडवाच्या दोन्ही बाजूंना कापसाचे गठ्ठे रचले होते आणि हवेत बारीक रुई तरंगत होती. मुलं खोकत होती. साहेब आले, भाषणं झाली, मग आम्ही उभे राहिलो.

पहिल्या दोन ओळी ठीक झाल्या. मग बाकीचे गप्प झाले आणि त्याने वरची ओळ उचलली.

त्याच्याकडून तशी ओळ मी कधी ऐकली नव्हती. ती चढत गेली, वर जाऊन थांबली, चार मात्रा थांबायची ती त्याने सहा थांबवली आणि तिथून तो हळूहळू खाली उतरला. मांडवात कापसाचे दलाल, अडते, शिपाई, सगळे निश्चल होते. साहेबांनी दुभाष्यामार्फत विचारलं की हा कोणाचा मुलगा. माळ्याचा, असं सांगितल्यावर ते पुढे झाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. लोक माझ्याकडे पाहत होते.

मांडवामागे पाण्याचा रांजण होता. मी तिथे गेलो तेव्हा तो वाकून चूळ भरत होता. त्याने थुंकलेल्या पाण्यात तांबडी रेघ होती. मी पाहिली. त्याने ती पायाने मातीत मिसळली.

"सुपारी खाल्लीस का रे?" मी विचारलं.

त्याने मान हलवली. नाही.

तेवढ्यात हेडमास्तरांनी मला हाक मारली. साहेबांना माझ्याशी बोलायचं होतं. मी गेलो.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. आठ दिवसांनी आला तेव्हा त्याच्या तोंडून आवाज येत नव्हता, नुसती फुसफुस येत होती. वैद्याने कंठ बसला म्हणून सांगितलं, लेप दिले, चाटण दिलं. मी म्हणालो, "येईल. या वयात होतं असं. चार महिन्यांत येईल." तो महिनाभर तासाला येऊन बसला. बाकीचे झील धरत तेव्हा तोही तोंड उघडे. मग यायचा थांबला. वरची ओळ मी धाकट्याला दिली. त्याला ती चांगली जमली.

मळ्याकडे मी एकदाही गेलो नाही. भाजी दुसरीकडून आणू लागलो. पुढच्या उन्हाळ्यात अमरावतीच्या मोठ्या शाळेत माझी बढतीवर बदली झाली. साहेबांनी शिफारस केली होती.

दोन वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मला अकोल्याला पाठवण्यात आलं. तोवर ती दूरदेशीची लढाई संपली होती, कापूस उतरला होता, आणि नदीच्या पात्रातली गाड्यांची रांग अर्ध्यावर आली होती. शाळेतली मुलंही कमी झाली होती. काम संपल्यावर मी मळ्यात गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. अमरावतीला नव्या मुलांना घेऊन बसलो की मला त्याचाच कंठ ऐकू येई आणि माझा हात तंबोरीवर थांबे.

बाप मेथीच्या वाफ्यात बसून तण काढत होता. त्याने मला ओळखलं आणि उठू लागला. मी त्याला बसवलं आणि शेजारी बांधावर बसलो.

"पोराचा आवाज आला का?"

"नाई आला. बोलते, पन जवळ जाऊन आयकावं लागते. आता बजारात गेला." तो पुन्हा खुरपं चालवू लागला. "त्याच्या मायनं लय नवस केले."

"मला तुम्हाला एक सांगायचंय," मी म्हणालो. त्यांना मी 'तुम्ही' म्हटलं हे माझ्याही लक्षात नंतर आलं. "त्या वयात मुलाला गाऊ द्यायचं नसतं. कंठ फुटत असतो. माझ्या मामांनी मला शिकवलं होतं. मला माहीत होतं."

खुरपं थांबलं.

"तुमाले माईत होतं?"

"हो."

"मी शाळेत आलो होतो, तवा बी?"

"तेव्हाही."

त्यांनी हातातलं तण बांधावर टाकलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "मंग काहून केलं?"

वाटेत मी पुष्कळ बोलायचं ठरवून आलो होतो. साहेब येणार होते, शाळेचं नाव होणार होतं, वय लहान होतं माझं. त्यातलं एकही वाक्य तिथे उच्चारता येण्यासारखं नव्हतं. त्यांनी उत्तराची वाट पाहिली. ते येत नाही असं दिसल्यावर त्यांनी खुरपं उचललं आणि पुढच्या वाफ्यात गेले. माझ्याशी ते पुन्हा बोलले नाहीत. खोपीतून त्यांची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिने काही ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. "गुर्जी, उन्हातून आले, पानी घ्या," म्हणाली. मी ते पाणी प्यालो. त्या काळात माझ्यासारख्याने तिच्या हातचं पाणी पिणं ही लोकांच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. मला ती तेव्हा अगदीच क्षुल्लक वाटली.

पोरगा परत येईपर्यंत थांबावं असं मनात होतं. थांबलो नाही.

अमरावतीला मी तीस वर्षं गाणं शिकवलं. तिथे मी एक नियम केला. वर्षातून चारदा प्रत्येक मुलाला जवळ बसवून बोलायला लावायचं आणि आवाज बदलू लागला असं दिसलं की त्याला गाण्यातून काढून हातात झांज द्यायची. मुलं रुसत. एक-दोन पालक तक्रार घेऊन आले, आणि एकदा समारंभाच्या तोंडावर मी चांगल्या गळ्याचे तीन मुलगे बसवून ठेवले म्हणून मला वरून लेखी ताकीदही मिळाली. ती मी घेतली. एकट्याने म्हणायची ओळ मी पुन्हा कधी बांधली नाही. माझ्या मुलांचं गाणं चांगलं असे, पण त्यात काटा आणणारं काही नाही असं लोक म्हणत, आणि ते खरं होतं.

बऱ्याच वर्षांनी, मी चाळिशी ओलांडल्यावर, एका दुपारी तास चालू असताना दाराशी कोणी तरी उभं राहिलं. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी. दाढीमुळे मी ओळखलं नाही. मग त्याने वाकून नमस्कार केला आणि मला कळलं. दूरच्या नात्यातल्या एका सोयरिकीसाठी तो अमरावतीला आला होता, हे त्याच्याबरोबरच्या माणसाने सांगितलं. आई-बाप दोघंही पटकीच्या साथीत गेले होते. मळा आता तोच पाहत होता.

मी त्याला आत बोलावलं. तो मागच्या भिंतीशी मुलांच्या पंगतीत मांडी घालून बसला. मुलं गात होती. तो मान खाली घालून ऐकत होता आणि बोटं मांडीवर चालत होती. एका मुलाचा सूर जरा खाली पडला तेव्हा त्याने झटकन मान वर करून नेमकं त्या मुलाकडेच पाहिलं.

तास संपला. मुलं ओरडत, धावत बाहेर पडली. तो उठला आणि माझ्याजवळ येऊन काही तरी बोलला. त्याचे ओठ हलले, एक फुटका श्वास आला, आणि बाहेरच्या गलक्यात मला एक शब्दही लागला नाही. वाक्य लहान होतं.

"काय म्हणालास?" मी कान पुढे केला.

तेवढ्यात त्याच्या सोबत्याने रस्त्यावरून हाक दिली, गाडी निघत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात हलवून राहू द्या अशी खूण केली, पुन्हा वाकून पायांना हात लावला आणि गेला. मी दारापर्यंत गेलो. त्याच्या मागे धावत जाऊन विचारता आलं असतं, तो फार लांब गेला नव्हता. पण मुलांच्या देखत मास्तराने रस्त्यावर धावायचं कसं, असं काही तरी माझ्या मनात आलं आणि मी दारातच उभा राहिलो.

त्याच्या मरणाची बातमी मला दोन वर्षं उशिरा कळली.